करंट घेतलेल्याच्या हातचं दूध

मी करंट घेतलाय. डोक्याला. दवाखान्यात, भूल घेऊन, स्वतःच्या सहीनं. हे पहिल्यांदाच मोठ्यानं सांगून टाकतो, म्हणजे मागनं कुणाला कुजबुजायचे कष्ट नकोत. आणि कोल्हापुरात कुजबुजलेलं तसंही पलीकडच्या गल्लीत ऐकू जातं. आमचे आवाजच तसे.

आमचा धंदा म्हशींचा. मंगळवार पेठेत बोळाच्या टोकाला घर आणि घराच्या पाठीमागं गोठा. दिवेलागणीला म्हशी दूधकट्ट्यावर न्यायच्या. गिऱ्हाईक समोर उभं राहणार, त्याच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसासकट गिलास त्याच्या हातात द्यायचा. मधे पिशवी नाही, बाटली नाही, तापवणं नाही. म्हशीची कास आणि पिणाऱ्याचं तोंड ह्यांच्या मधे फक्त आमचा हात. त्यामुळं आमच्यात माणसाची अब्रू हातावर चालते. कुणी म्हशीला नावं ठेवली तर आम्ही भांडून घेतो. पण हाताला नावं ठेवली की धंदा बसला म्हणून समजा.

तोच हात माझा बंद पडला.

एका सकाळी चांदवालीखाली बसलो होतो. चांदवाली म्हणजे कपाळावर पांढरा ठिपका असलेली आमची म्हैस, लाडाची आणि तेवढीच खाष्ट. गुडघ्यात चरवी धरली, कासेवर पाणी मारलं, सडाला हात घातला आणि हात चालेना. दुखत नव्हता. लुळा पडला नव्हता. नुसती ओढ निघेना. म्हशीनं पान्हा सोडला होता, माझ्याकडं वळून बघत होती आणि मी तसाच बसून. शेवटी आप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, मला बाजूला सारलं. 'झोप झाली न्हाय व्हय रं?' एवढंच म्हणाले आणि स्वतः बसले.

त्यानंतर मी खाली खालीच गेलो. लोकांना वाटतं, उदास म्हणजे माणूस रडत बसतो. अहो, रडू आलं असतं तर मी पेठेत पेढे वाटले असते! रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती, पोरीनं गळ्यात हात टाकले तरी गळ्यात काय पडलंय ते कळत नव्हतं. दाढी वाढली. तोंडातनं शब्द काढायचा म्हणजे विहिरीतनं बादली ओढल्यासारखं. आणि आत एकच रहाटगाडगं: आपण ह्या घराला ओझं झालोय, आपण नसलो तर बरं. हे मी बायकोला बोललो नव्हतो. पण ती कागलची. तिला बोलावं लागत नाही. तिनं मला एकट्याला सोडायचं बंद केलं. गोठ्यात गेलो तरी मागं, संडासात गेलो तरी दाराबाहेर.

आप्पांचं निदान वेगळं. आप्पा जुने पैलवान. एक कान मोडून भज्यासारखा झालेला, मिशी पांढरी पण अजून कुणाच्या बापाला वाकत नाही अशी. त्यांच्या लेखी जगात रोग दोनच, अशक्तपणा आणि आळस. दोन्हींवर औषध एक, दूध. 'तालमीत जा, बैठका मार, तांब्याभर दूध पी. डोस्क्यातलं भूत पळून जातंय का न्हाय बघ!' मी बैठका मारायला गेलो आणि पहिल्याच बैठकीला खाली बसलो तो उठलोच नाही. वस्तादांनी रिक्षात घालून घरी धाडलं.

मग गोळ्या झाल्या. बायकोनं मला डोक्याच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांना आम्ही मॅडम म्हणतो. बारीक अंगाची बाई, आवाज हळू, पण बोलणं खुंट्यासारखं रोवलेलं. गोळ्या बदलल्या, वाढवल्या, पुन्हा बदलल्या. काहींना गोळ्यांनी उतार पडतो, मला पडला नाही. मी जेवण सोडलं तेव्हा मॅडमनी बायकोला आणि आप्पांना समोर बसवलं आणि म्हणाल्या, 'आता वाट बघण्यात धोका आहे. ईसीटी देऊया. विजेचा उपचार.'

आप्पा खुर्चीतनं उठलेच.

'करंट? माझ्या पोराला करंट? पोरगं हाय का ट्रान्स्फॉर्मर हाय त्यो?'

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी सगळं नीट सांगितलं. भूल देणार, अंग सैल पडायचं औषध देणार, मग काही क्षण डोक्यातनं हलकासा प्रवाह. त्यानं मेंदूत झटका येतो, त्यातनं मेंदू सावरतो. दुखत नाही. डोकं दुखेल, थोडं विसरायला होईल, काही आठवणी कदाचित परत यायच्याच नाहीत. हेही सांगितलं त्यांनी, लपवलं नाही. आणि एक अट घातली. उपचाराच्या आदल्या रात्रीपासनं पोटात काही जाता कामा नये, अन्न नाही, चहा नाही, घोटभर पाणी नाही.

मला विचारलं, 'तुमची तयारी आहे का?' मला कशाचीच तयारी नव्हती, जगायची पण नव्हती. बायकोनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, 'माझ्यासाठी एवढं करा. परत काय मागणार न्हाय.' मी सही केली.

आता ऐका. सिनेमात दाखवतात तसं तिथं काहीही नाही. बांधत नाहीत, किंकाळी नाही, डोळे पांढरे होत नाहीत. स्वच्छ खोली, एक खाट. हातात सुई, कपाळाच्या बाजूला गार गार मलम, दातात रबर. भुलीचे डॉक्टर म्हणायचे, 'गावाकडची एखादी चांगली जागा आठवा.' मी आठवायला लागायचो तेवढ्यात उठायचो, ते खाटेवर, डोकं जड, जबडा अवघडलेला, आणि बायको विचारायची, 'मी कोण?' मी म्हणायचो, 'कागलची.' एवढंच असतं. दाढ काढताना मी याच्यापेक्षा जास्त बोंबललोय.

पहिल्या काही दिवसांसाठी मला दवाखान्यातच ठेवलं होतं. तोवर आप्पांनी कट्ट्यावर सांगून टाकलं, पोराला कावीळ झालीय. झालं! कोल्हापुरात कुणाला काही झालं की सगळं गाव वैद्य होतं, आणि कावीळ म्हणजे तर सगळ्यांच्या हातचं दुखणं. मी घरी आलो तर एकजण काविळीची माळ घेऊन दारात, एकजण पाल्याचा रस, एकजण उसाचा रस आणि वर ताकीद, 'तेलकट नगं बरं का पावणं.' बायको सगळ्यांचं हसून घ्यायची आणि मागच्या मोरीत ओतायची. ती काविळीची माळ तर आप्पांनी माझ्या गळ्यात घालायला लावली. लोकांना दिसायला पाहिजे ना! मी ती घालून बसलो, डोक्याला करंट आणि गळ्यात माळ.

पण एक सांगतो. त्या माळेचा मला वैताग आला होता. आणि वैताग येणं ही त्या दिवसांत माझ्यासाठी लहान गोष्ट नव्हती. एका दुपारी भाकरीबरोबर ठेचा मागितला मी, स्वतःच्या तोंडानं. बायको चुलीपाशी गेली आणि पाठमोरी उभी राहून डोळे पुसत राहिली. उतार पडायला लागला होता. मॅडम म्हणाल्या, 'चांगलं चाललंय, पण मधे सोडू नका. अर्ध्यात सोडलं तर परत घसरतात माणसं. पुरं करायचं.' म्हणून मी आता घरनं सकाळी दवाखान्यात जायला लागलो. पुरं करायचं एवढाच प्रश्न होता. बाकी सगळं त्याच्यावर अवलंबून होतं.

आणि मग ती दुधाची सकाळ.

बायको आत पोरीची वेणी घालत होती. आम्हाला रिक्षानं निघायचं होतं. आप्पा पहिल्यांदाच आमच्याबरोबर येणार म्हणाले होते, त्यामुळं घरात जरा आनंदच होता. गोठ्यातनं त्यांची हाक आली, 'हिकडं ये जरा.' गेलो. चांदवालीखालनं उठत होते, हातात पितळेचा गिलास, वर तीन बोटं फेस.

'पी.'

'आप्पा, काय घ्यायचं न्हाय म्हणल्यात.'

'अन्न घ्यायचं न्हाय. ह्ये अन्न हाय व्हय? ह्ये दूध हाय. उपाशी माणसावर वीज सोडत्यात, कसाई हायत का डाक्टर? अंगात ताकद नगं व्हय सोसायला?'

आणि बघा, आमच्यात हे खरंच असंच धरतात. एकादशीला दूध चालतं, सोमवारी दूध चालतं, आजाऱ्याला दूध, बाळंतिणीला दूध, कुस्तीआधी दूध, कुस्तीनंतर दूध. शेवटी तोंडात गंगा आणि दूधच घालतात. दूध म्हणजे खाणं नव्हेच, दूध म्हणजे आशीर्वाद. आप्पांना मला फसवायचं नव्हतं. त्यांचं पोरगं उपाशीपोटी विजेखाली झोपणार आणि ते दुधाचे धनी असून बघत राहणार, हे त्यांना झेपेना. जन्मात मी आप्पांच्या हातचा गिलास नाकारला नव्हता. प्यालो. ऊन, गोडसर, फेसाळ. खूप दिवसांनी दुधाला दुधाची चव लागली.

दवाखान्यात सिस्टरनं नेहमीसारखं विचारलं, 'रात्रीपासनं काही खाल्लं-प्यालं नाही ना? पाणी सुद्धा नाही?'

मी तोंड उघडायच्या आत आप्पाच गरजले, 'पाण्याचा थेंब न्हाय, सिस्टर!' हे वाक्य ते आयुष्यभर कट्ट्यावर म्हणत आलेत, तोच आवाज, तीच मान ताठ. मी गप्प बसलो. बायकोला काही माहीतच नव्हतं.

खाटेवर निजवलं. सुई घातली. भुलीचे डॉक्टर औषधाची पिचकारी हातात घेऊन माझ्यावर वाकले, 'आज कुठली जागा आठवणार?' आणि तिथंच थांबले. माझ्या मिशीकडं बघायला लागले. मिशी आमच्या घराण्याची, बापासारखीच जाड. तिच्या केसांत दुधाचा फेस वाळून पांढरा बसला होता.

'हे काय आहे?' त्यांनी कापसानं पुसलं, वास घेतला. 'दूध प्यालात? आज?'

मी मान हलवली.

 पिचकारी त्यांनी ताटलीत ठेवली. मग मॅडमना बोलावलं आणि मला तसंच चालत बाहेर आणलं.

बाहेर आप्पा बाकावर बसले होते. मॅडम त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. 'आप्पा, तुम्ही दूध पाजलंत?'

'पाजलं. चोरी केली काय?'

'भूल दिल्यावर माणसाला गिळायची, खोकायची शुद्ध राहत नाही. पोटात असलेलं वर येतं आणि श्वासाच्या नळीत उतरतं. ते दूध त्यांच्या फुप्फुसात गेलं असतं.'

'दुधानं माणूस मरतो व्हय?' आप्पा उठले, आवाज चढला. सगळ्या व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली. 'पिढ्यान् पिढ्या दूध पाजतोय आम्ही ह्या गावाला! आमच्या दुधानं पैलवान झाल्यात, पैलवान! आणि तुम्ही सांगताय, दुधानं माणूस मरतो?'

मॅडम एक पाऊल मागं सरल्या नाहीत. 'मरतो,' म्हणाल्या. 'तुमचा मुलगा आज टेबलावरच गेला असता. मिशी पुसून आणला असतात, तर आम्हाला कळलंही नसतं.'

आप्पा बसले. मोठा माणूस बसला की बाक करकरतो, तसा करकरला. घरी येताना रिक्षात बायको मधे आणि दोन्हीकडं आम्ही दोघं बापलेक, रस्ता बघत.

पण आप्पा म्हणजे आप्पा. पोटात मावेना की कट्ट्यावर ओततात. संध्याकाळी म्हशी घेऊन गेले आणि तिथं सगळं बाहेर आलं. माझ्या दुधाला विष म्हणत्यात, माझ्या पोराला करंट देत्यात, दूध पाजलं म्हणून हाकललं. राग म्हणून बोलले का भीती म्हणून, मला अजून सांगता येत नाही. पण बोलले ते गिऱ्हाइकांच्या गर्दीत. कावीळ गेली आणि करंट आला.

दुसऱ्या दिवसापासनं मजा सुरू झाली. आमचं एक जुनं गिऱ्हाईक, एसटीतनं रिटायर झालेले कंडक्टर. वर्षानुवर्षं माझ्याच हातचा गिलास घेणारे. ते शेजारच्या म्हशीकडं उभे राहायला लागले. नळावर एकीनं माझ्या बायकोला विचारलं, 'आता चावतंय-बिवतंय काय गं?' बायको म्हणाली, 'चावत्यात की. काल तुझंच नाव घेत हुते.' माझी बायको!

आप्पांनी मात्र हाय खाल्ली. रात्री जेवणाआधी मला समोर बसवलं.

'बास झालं आता. करंट बंद.'

'आप्पा, अजून पुरं झालं न्हाय.'

'बरा दिसतूस की. जेवाय लागलास, बोलाय लागलास. आणि काय पायजे? गिऱ्हाईक तुटाय लागलंय. खुळ्याच्या हातचं दूध कोण पिणार हाय? सांग की!'

आणि तुम्हाला सांगतो, माझ्या पोटातनं काहीतरी वर आलं. पहिल्यांदा मला कळलंच नाही काय आहे ते. कान तापले, मुठी आवळल्या. राग! राग आला होता मला! कित्येक महिने माझ्या आत नुसती राख होती आणि त्या राखेत अजून निखारा होता. मी असा ओरडलो की गोठ्यातली म्हैस हंबरली.

'खुळा म्हणा, येडा म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा! तुमचा कान मोडला तवा पट्टी बांधून हिंडलासा पेठंत, छाती काढून! माझं डोस्कं मोडलं तर माळ घालून लपवायचं? मी जाणार हाय. पुरं करणार हाय. रांगत जावं लागलं तरी जाणार हाय!'

बायको आतनं पळत आली. तिला वाटलं, मारामारी जुंपली. माझं तोंड बघितलं आणि दारातच हसायला लागली, पदर तोंडाला लावून. तिचा नवरा भांडत होता. तिला तेवढंच पाहिजे होतं.

आप्पांनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग उठले. 'जा मग. पण गेलास तर कट्ट्याला पाय ठिवायचा न्हाय. माझा धंदा मी बुडू देणार न्हाय.'

'न्हाय ठेवत.'

बोललो खरा.  कट्टा म्हणजे माझं सगळं आयुष्य. मला दुसरं येतं काय? पण मॅडमचं वाक्य डोक्यात पक्कं बसलं होतं, अर्ध्यात सोडलं तर परत घसरतात. आणि ज्या खड्ड्यातनं मी वर आलो होतो तिथं परत जाण्यापेक्षा कट्टा गेलेला परवडला. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

मग आम्ही दोघंच जायला लागलो, बायकोच्या स्कूटरवर, मी मागं बसलेला. जाताना ती मुद्दाम पेठेतल्या भर रस्त्यानं गाडी घ्यायची. मी म्हणायचो, 'रंकाळ्याकडनं घे की, लोकं बघत्यात.' ती म्हणायची, 'बघू देत. डोळं हायत तर बघणारच.' तिची ती गाडी चालवणारी ताठ पाठ बघत बघत मी सगळे उपचार पुरे केले.

फुकट काही मिळालं नाही. मागचा सगळा उन्हाळा माझ्या डोक्यातनं गेलाय. मेव्हणीचं लग्न हुपरीला झालं म्हणतात, फोटोत मी आहे, फेट्यासकट. मला काडीचं आठवत नाही. चांदवाली व्याली तेही मला बायकोनं परत सांगितलं. कधी कधी बोलता बोलता ओळखीच्या बोळाचं नाव अडतं, मग चिडचिड होते. आहे ते आहे, खोटं कशाला बोलू? पण कुणी तोंड वर करून म्हणालं, 'बघा, आठवणी खाल्ल्या करंटनं,' तर त्याला मी विचारतो, त्या उन्हाळ्यात जपून ठेवण्यासारखं होतं काय? तो उन्हाळा राहिला असता तर मी राहिलो नसतो. नेला तर नेला.

ह्या सगळ्या दिवसांत आप्पा माझ्याशी बोलले नाहीत. सकाळी कोरा चहा घ्यायचे आणि गोठ्यात निघून जायचे. जेवताना भाकरी आमटीत कुस्करायचे आणि खाली मान घालून खायचे. रात्रीचा त्यांचा तांब्या पालथाच असायचा. मला वाटायचं, रुसलेत. रुसू देत, मी पण त्यांचाच पोरगा आहे.

मग मॅडम म्हणाल्या, 'झालं. आता गोळ्या चालू ठेवायच्या, दर महिन्याला येऊन भेटायचं. तुम्ही कामाला लागा.'

कामाला लागा! कुठं लागू?

घरी आलो. दुपारभर आढ्याकडं बघत पडलो, झोप नाही. दिवेलागणीच्या आधी आप्पा बाकीच्या म्हशी घेऊन गेले. चांदवाली तेवढी गोठ्यात राहिली होती, कारण ती आप्पांना पान्हा चोरायला लागली होती, कट्ट्यावर सगळ्यांसमोर लाथ मारायची. मी तिच्या गळ्यावरनं हात फिरवला. तिनं नाक माझ्या काखेत घातलं. बायको दारात उभी होती.

'सोडू का?' मी विचारलं.

'इचारताय काय? सोडा की!'

दावं सोडलं. बायको चरवी आणि गिलास घेऊन मागनं आली. पेठेतनं आमची वरात निघाली, पुढं म्हैस, मधे मी, मागं ती. माणसं ओट्यावरनं बघायला लागली. कुणी तरी म्हणालं, 'आला गा!' मी मान खाली घातली नाही.

कट्ट्यावर आप्पा म्हशीपाशी उभे होते. मला बघितलं आणि हातातली दोरी तशीच राहिली.  मी माझ्या जुन्या जागेवर चांदवालीला उभी केली, खाली बसलो, गुडघ्यात चरवी धरली. हातावर एकदा फुंकर मारली. सडाला हात घातला. तिनं एकदा वळून बघितलं आणि पान्हा सोडला. पहिली धार चरवीच्या तळाला वाजली तेव्हा माझ्या डोळ्यांना पाणी आलं. आलं तर आलं, पुसायला हात मोकळा नव्हता.

गिलास भरला. वर तीन बोटं फेस. मी उठून उभा राहिलो आणि कंडक्टरना हाक मारली, 'काय पावणं? येताय न्हवं?'

त्यांनी पोटावर हात फिरवला. 'आज जरा पोट बरं न्हाय.'

मागनं कुणी तरी हसलं, 'गिलासाला करंट लागंल गा!'

'लागला तर मोबाईल चार्ज करून घे,' मी म्हणालो.

थोडे हसले. पण पुढं कुणी आलं नाही. इथं पाच-दहा माणसं, तिथं पाच-दहा माणसं, सगळ्यांचे गिलास दुसऱ्या म्हशींखाली. मी हात लांब करून उभा. फेस हळूहळू खाली बसायला लागला. मला वाटलं, हा फेस पार बसला की आपण म्हैस वळवायची आणि घरी जायचं, आणि उद्यापासनं दुसरं काही तरी बघायचं. हात दुखायला लागला होता, पण खाली घेत नव्हतो.

आप्पा चालत आले.  मला वाटलं, आता सगळ्यांसमोर हाकलणार. ते माझ्यासमोर उभे राहिले, गिऱ्हाईक उभं राहतं तसे, आणि हात पुढं केला.

'आण.'

कंडक्टरच मागनं म्हणाले, 'आवं आप्पा, तुम्ही दूध सोडलंय न्हवं? परवा मी आग्रह करत हुतो तर हात लावला न्हाय तुम्ही.'

'सोडलंतं,' आप्पा म्हणाले. 'माझ्या हातानं पोराला मारत हुतो मी. त्या दिवसापासनं सोडलंतं. त्याचं पुरं होईस्तोवर थेंब घ्यायचा न्हाय म्हटलं हुतं.' मग पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. 'पुरं झालं न्हवं?'

'झालं आप्पा.'

त्यांनी गिलास तोंडाला लावला आणि खाली ठेवला तो रिकामाच. मग कट्ट्याकडं वळले. तोच आवाज, जो सगळ्या पेठेला ऐकू जातो.

'करंट घेतलाय माझ्या पोरानं! कावीळ न्हाय, बिवीळ न्हाय, करंट! आणि बरं होऊन आलाय. त्याच्या हातचं पायजे त्यानं हिकडं यावं. नगं त्यानं पिशवीतलं प्यावं!'

पांढऱ्या मिशीवर पांढरा फेस बसला होता. त्यांनी तो पुसला नाही. तसेच एकेकाच्या तोंडाकडं बघत उभे राहिले, आणि मी दुसरा गिलास घेऊन परत म्हशीखाली बसलो.